ईश्वराची नजर आणि राज्याची नजर

माणसावर कोणाची तरी सतत नजर असावी का, हा प्रश्न आज कायद्याच्या आणि तंत्रज्ञानाच्या चर्चेत येतो. पण त्याची मुळे धर्मचिंतनात आहेत. बहुतेक धर्मांनी सर्व काही पाहणाऱ्या ईश्वराची कल्पना केली आणि ती नजर माणसाच्या हिताची मानली. आधुनिक राज्याच्या हाती आता जवळजवळ तशीच साधने आली आहेत. रस्त्यावरचा कॅमेरा चेहरा ओळखतो, मोबाइल माणसाचा ठावठिकाणा सांगतो, आणि व्यवहारांच्या नोंदी वर्षानुवर्षे साठून राहतात. या दोन नजरांची गल्लत झाली की ‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण पाळतीच्या समर्थनासाठी पुढे येते. देवापुढे ज्याला काही लपवायचे नाही, त्याने सरकारपुढे तरी का लपवावे, असा त्या युक्तिवादाचा रोख असतो.

हा युक्तिवाद टिकत नाही. दोन नजरा जातीनेच वेगळ्या आहेत. ईश्वर सर्वसाक्षी आहे असे मानणाऱ्या परंपरांनीच माणसाने माणसावर ठेवायच्या पाळतीला कठोर मर्यादा घातल्या आहेत. त्या मर्यादांमागे सदसद्विवेकाचे रक्षण हा विचार आहे, आणि खाजगीपणाच्या आधुनिक हक्काचा गाभाही तोच आहे.

सर्वसाक्षीची कल्पना

ऋग्वेदात वरुण हा ऋताचा, म्हणजे विश्वाच्या नैतिक व्यवस्थेचा, रक्षक आहे. त्याचे ‘स्पश’, म्हणजे हेर, सर्वत्र फिरतात. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातील वरुणसूक्ताचा आशय असा, की दोघे जण एकांतात कुजबुजत बसले तरी तेथे तिसरा वरुण असतोच. पुढे उपनिषदांनी ही नजर बाहेरून आत आणली. श्वेताश्वतर उपनिषदातील परमात्मा सर्व भूतांच्या अंतरात राहणारा साक्षी आहे. मनुस्मृतीत न्यायसभेतील साक्षीदाराला खोटे न बोलण्याची ताकीद देताना, माणसाचा आत्माच त्याचा साक्षी असतो असे सांगितले आहे. पुराणांतील चित्रगुप्त प्रत्येकाच्या पापपुण्याची नोंद ठेवतो. बायबलमधील १३९व्या स्तोत्रात देव भक्ताचे उठणे-बसणे आणि मनातला विचारही जाणतो. कुराणात अल्लाह माणसाच्या मानेतील रक्तवाहिनीपेक्षाही त्याच्या जवळ असल्याचे म्हटले आहे. वारकरी संतांनी विठ्ठलाला अंतर्यामी मानले आणि त्या जाणिवेतून भीतीपेक्षा जवळीक अनुभवली.

या सर्व वर्णनांत काही लक्षणे समान आहेत. ही नजर कृतीबरोबर हेतूही जाणते, म्हणून तिचा गैरसमज होत नाही. पाहणाऱ्याला पाहण्यातून काही मिळवायचे नसते; त्याला निवडणूक जिंकायची नसते, माल विकायचा नसतो, विरोधक संपवायचा नसतो. ती राजा आणि रंक यांच्यावर सारखीच पडते. आणि तिच्याबरोबर क्षमा येते. पश्चात्तापाने जुनी नोंद पुसली जाऊ शकते. शिवाय ईश्वर जे पाहतो ते शेजाऱ्याला, मालकाला किंवा पोलीस ठाण्याला कळवत नाही. या लक्षणांमुळेच श्रद्धावंताला सर्वसाक्षी नजरेखाली राहणे जाचक वाटत नाही. लक्षणे गेली की नुसते ‘सर्व काही पाहणे’ उरते, आणि त्याला धर्माने कधीही पवित्र मानलेले नाही.

माणसाच्या नजरेला धर्मांनी घातलेल्या मर्यादा

कुराणातील अल-हुजुरात या सुरहमध्ये संशय आणि निंदा यांच्याबरोबर दुसऱ्याची हेरगिरी करण्यासही मनाई आहे. अल-नूर या सुरहमध्ये परवानगी मागून आणि सलाम करून मगच दुसऱ्याच्या घरात जाण्याचा आदेश आहे. खलीफा उमर यांच्याविषयी सांगितली जाणारी एक कथा हेच तत्त्व राज्यकर्त्याला लावते. रात्रीच्या गस्तीत एका घरातून गाण्याचा आवाज आला म्हणून उमर भिंत चढून आत गेले आणि मद्यपान करणाऱ्या घरमालकाला त्यांनी जाब विचारला. तो म्हणाला, माझ्याकडून एक आज्ञा मोडली गेली, पण आपण तीन मोडल्या: हेरगिरी केली, दाराने न येता भिंतीवरून आलात, आणि परवानगी घेतली नाही. उमर यांनी ते मान्य केले आणि ते निघून गेले. अपराध खरा असूनही तो ज्या मार्गाने उघड झाला तो मार्ग अधर्माचा होता, हा या कथेचा निवाडा आहे.

यहुदी धर्मशास्त्रात शेजाऱ्याच्या अंगणात डोकावता येईल अशी खिडकी ठेवणे हीच एक हानी मानली गेली. पाहिल्याने प्रत्यक्ष नुकसान झाले की नाही, हा प्रश्न तेथे गौण आहे. आपल्याकडे कोणी पाहू शकतो एवढ्याने अंगणातले वागणे बदलते, आणि ती हानी पुरेशी आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी राब्बी गेर्शोम यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या निर्बंधाने दुसऱ्याचे पत्र उघडून वाचण्यास मनाई केली. ख्रिस्ती परंपरेत येशूने प्रार्थनेसाठी खोलीत जाऊन दार लावून घेण्यास सांगितले; लोकांना दिसावी म्हणून केलेली प्रार्थना त्याला मान्य नव्हती. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने पापनिवेदनात ऐकलेली गोष्ट उघड करणाऱ्या धर्मगुरूसाठी पदच्युतीची आणि मठात आजन्म प्रायश्चित्ताची शिक्षा ठरवली. माणूस आपले मन पूर्णपणे उघडतो ते ऐकणाऱ्याचे तोंड बंद राहील या खात्रीवर, हे त्या परिषदेने ओळखले होते.

भारतीय साधनापरंपरेत एकांताला स्वतंत्र मूल्य आहे. भगवद्गीतेचा सहावा अध्याय योग्याला एकांतात राहण्यास सांगतो, आणि ज्ञानेश्वरीत त्या साधनास्थळाचे विस्ताराने वर्णन येते. महाराष्ट्राच्या धर्मेतिहासात याहून पुढचे एक उदाहरण आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी प्रवर्तित केलेल्या महानुभाव पंथाने वर्णाश्रमाच्या आणि कर्मकांडाच्या चौकटीबाहेरचा मार्ग घेतला. या पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळी, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत लिहून ठेवले. त्यामुळे मराठी गद्याचा एक मोठा ठेवा कित्येक शतके पंथाबाहेरच्या लोकांना वाचता आला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी या लिपींची उकल झाल्यावरच तो अभ्यासकांपुढे आला. आजच्या संदेशसेवांतील कूटलेखनाला जो संशयाने पाहतो, त्याने हे लक्षात घ्यावे की मराठीत कूटलेखन मोठ्या प्रमाणावर वापरले ते भक्तांनी, आपल्या श्रद्धेचे जतन करण्यासाठी.

राजाचे डोळे

राज्याची नजर कशी असते याचे भारतातील सर्वांत स्पष्ट वर्णन कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. त्यातील गूढपुरुष दोन प्रकारचे आहेत: एका जागी राहणारे आणि फिरते. विद्यार्थी, संन्यासी, गृहस्थ, व्यापारी आणि तापसी अशा वेशांत ते वावरतात. फिरत्यांत विष देणारे आणि भिक्षुणीच्या रूपात घरोघर शिरणाऱ्या स्त्रियाही आहेत. राजाने आपल्या अमात्यांची निष्ठा मुद्दाम प्रलोभने दाखवून तपासावी, असेही कौटिल्य सांगतो. त्याबरोबर तो एक सावधगिरी सुचवतो: तीन वेगवेगळ्या हेरांचे म्हणणे जुळले तरच बातमी खरी मानावी. राजाची नजर चुकू शकते, हेर खोटे बोलू शकतो, याची कबुली या नियमात आहे. कौटिल्याने राजाच्या नजरेला देवाची नजर म्हटले नाही. ती सत्ता टिकवण्याचे साधन आहे, हे त्याने उघडपणे मांडले.

राज्याची नजर स्वतःला देवाची नजर म्हणवू लागते तेव्हा काय होते, हे गोव्याने अनुभवले. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले आणि मधला काही काळ सोडता १८१२ पर्यंत चालले. धर्मांतरित ख्रिस्ती कुटुंबे घरात जुने आचार पाळतात का, यावर त्याची मुख्य नजर होती. अ. का. प्रियोळकर यांनी या न्यायपीठाच्या इतिहासावर लिहिलेल्या ग्रंथातून १७३६ च्या फर्मानाचा तपशील कळतो. तुळस ठेवणे, एकादशीचा उपवास, मीठ न घालता शिजवलेला भात, लग्नातली परंपरागत गाणी अशा गोष्टींवर त्याने बंदी घातली. भातात मीठ आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. ते कळण्यासाठी नोकर, शेजारी किंवा नातेवाईक यांपैकी कोणीतरी खबर द्यावी लागते. आरोपीला तक्रारदाराचे नाव कळू दिले जात नसे. अशा व्यवस्थेत श्रद्धा वाढत नाही. कुटुंबातला विश्वास मात्र नष्ट होतो, कारण चुलीपाशी बसलेले प्रत्येक माणूस संभाव्य साक्षीदार ठरते. आत्म्याच्या उद्धारासाठी चालवलेली पाळत आत्म्यापर्यंत पोचली नाही. ती भाताच्या पातेल्यापाशीच थांबली.

नजरेखालचा सदाचार

पाळतीच्या बाजूने नेहमी मांडला जाणारा तात्त्विक मुद्दा असा, की कोणी पाहत असले की माणूस नीट वागतो. हा मुद्दा प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये गायजीसच्या कथेतून येतो. गायजीस नावाच्या मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी सापडते आणि तिच्या बळावर तो राजाला मारून राज्य बळकावतो. न दिसण्याची हमी मिळाली तर कोणीही न्यायाने वागणार नाही, असा त्या संवादातील ग्लॉकनचा दावा आहे. प्लेटोचे उत्तर असे, की न्याय ही आत्म्याची सुव्यवस्था आहे आणि न्यायी माणूस अंगठी असतानाही न्यायीच राहतो. माणसांना सतत दिसत ठेवणे हा उपाय प्लेटोच्या या उत्तराचा भाग नाही. तसे केल्याने माणूस न्यायी आहे की फक्त घाबरलेला, हे कधीच कळणार नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जेरेमी बेंथम यांनी नेमका उलटा मार्ग सुचवला. १७९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘पॅनॉप्टिकॉन’ या तुरुंगाच्या आराखड्यात मधोमध मनोरा आणि त्याभोवती वर्तुळात कोठड्या आहेत. मनोऱ्यातील पहारेकऱ्याला प्रत्येक कैदी दिसतो. कैद्याला पहारेकरी दिसत नाही. पहारेकरी जागेवर नसला तरी चालते, कारण आपण पाहिले जात असू या शक्यतेनेच कैदी स्वतःला आवरतो. मिशेल फुको यांनी १९७५ मधील आपल्या ग्रंथात हा आराखडा आधुनिक सत्तेचा नमुना म्हणून मांडला. शाळा, कारखाना, रुग्णालय, बराक या साऱ्यांत माणूस स्वतःच स्वतःचा पहारेकरी बनतो, असे त्यांचे विश्लेषण आहे.

येथे अंतरातला साक्षी आणि मनात बसवलेला पहारेकरी यांतला फरक महत्त्वाचा ठरतो. वरवर दोन्ही सारखेच वाटतात. साक्षी विचारतो, ‘हे योग्य आहे का?’ पहारेकरी विचारतो, ‘हे कोणाला दिसेल का?’ पहिल्या प्रश्नातून विवेक वाढतो, दुसऱ्यातून सावधपणा. सावध माणूस गुन्हा टाळतो. पण तो न पटणाऱ्या हुकमाला नाही म्हणणेही टाळतो, बंदी नसलेले पुस्तक घेताना कचरतो, ज्याच्यावर पाळत आहे त्या मित्राकडे जाणे बंद करतो. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मधील ‘ऑन लिबर्टी’त दाखवून दिले की समाजाची टोचणारी नजर कायद्याच्या शिक्षेइतकीच माणसाला साच्यात घालते. नवा विचार आधी अर्धवट, चुकीचा, अडखळत येतो. तो कोणालाही न दाखवता तपासण्याची जागा नसेल तर तो जन्मतच नाही. धर्मसुधारणेचा इतिहासही हेच सांगतो, कारण प्रत्येक सुधारकाची श्रद्धा आधी कोणत्या तरी एकांतात पक्की झालेली असते.

गांधीजींचे उदाहरण येथे अनेकदा उलट बाजूने दिले जाते. त्यांनी आपले आयुष्य उघडे ठेवले, गुप्त चळवळीला विरोध केला, आपल्या चुका स्वतः छापल्या. मात्र हा त्याग त्यांनी स्वेच्छेने केला होता. उपवासाला पुण्य आहे म्हणून दुसऱ्याचे अन्न काढून घेणे पुण्याचे ठरत नाही, तसेच स्वतःचे जीवन उघडे करण्याच्या धैर्यावरून दुसऱ्याचे जीवन उघडे पाडण्याचा अधिकार निघत नाही.

नजर कोणावर पडते

ईश्वराच्या नजरेचे एक लक्षण समता हे होते. राज्याच्या नजरेत नेमकी तीच नसते, आणि याचा मोठा पुरावा भारतातच आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. त्याने काही समूहांना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. नोंद झालेल्या माणसाला पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, गाव सोडताना पास घ्यावा लागे, आणि पुढे अनेकांना वसाहतींत डांबले गेले. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही हे लागू झाले. सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत त्यातूनच उभी राहिली. पारधी, कैकाडी, टकारी, भामटा अशा समाजांच्या कित्येक पिढ्या या हजेरीखाली गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी आणि पोलिसांच्या सवयीने संशय चालू ठेवला. लक्ष्मण गायकवाड यांच्या १९८७ मधील ‘उचल्या’ या आत्मकथनाने हा अनुभव मराठी वाचकांपुढे आतून मांडला. सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्येही, तुरुंगातील जातिभेदाविषयीच्या निकालात, विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार मानणाऱ्या नियमांवर ताशेरे ओढावे लागले.

या समाजांपुढे ‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण ठेवून पाहिली की तिचा फोलपणा कळतो. त्यांच्यातील बहुसंख्य लोकांनी काहीच केले नव्हते. तरीही भीती होती, कारण काय केले हे न पाहता कोण आहे हे पाहिले जात होते.

अमेरिकेतील नागरी हक्कांच्या चळवळीतही हेच दिसले. १९६३ मध्ये ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी धर्मोपदेशक मार्टिन ल्यूथर किंग यांचे फोन ऐकण्यास मंजुरी दिली. एफबीआयने त्यांच्या हॉटेलांतील खोल्यांत ध्वनियंत्रे लावली आणि १९६४ मध्ये निनावी पत्र व ध्वनिफीत पाठवून त्यांना आत्महत्येकडे ढकलण्याचा प्रयत्न केला. सिनेटच्या चर्च समितीने १९७५-७६ मध्ये हे उघड केले आणि १९७८ मध्ये परकीय गुप्तवार्तेसाठीच्या पाळतीवर न्यायालयीन नियंत्रण आणणारा कायदा झाला. किंग यांचा दोष एवढाच, की त्यांचे म्हणणे लोकांना पटू लागले होते. पाळतीचे तंत्र गुन्हेगारासाठी बनते, पण ते हाती आले की विरोधकावर वापरण्याचा मोह सत्तेला आवरत नाही.

भारतीय कायद्याचा प्रवास

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये घटना समितीसाठी तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारे कलम होते. अंतिम संविधानात असे स्वतंत्र कलम आले नाही. सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य मात्र २५व्या अनुच्छेदात आले, आणि जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्याचे संरक्षण २१व्या अनुच्छेदात.

१९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायाधीशांनी झडतीच्या संदर्भात खाजगीपणाचा मूलभूत हक्क मानला नाही. १९६२ च्या खरक सिंग खटल्यात प्रश्न थेट पाळतीचा होता. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या माणसावर उत्तर प्रदेश पोलिसांनी नजर ठेवली होती आणि रात्री-अपरात्री ते त्याच्या दारावर थाप मारत. बहुमताने रात्रीच्या गृहभेटी रद्द केल्या, बाकीची पाळत कायम ठेवली. न्या. सुब्बा राव यांनी न्या. शहा यांच्यासह वेगळे मत दिले. पाळतीखाली फिरणारा माणूस देहाने मोकळा असला तरी मनाने मोकळा नसतो, असा त्यांच्या मताचा आशय होता. त्यांनी खाजगीपणाला व्यक्तिगत स्वातंत्र्याचा आवश्यक भाग मानले.

त्या अल्पमताला बहुमत मिळायला ५५ वर्षे लागली. १९९६ मध्ये पीयूसीएल या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फोनवरील संभाषण खाजगीपणात येते असे सांगून, १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याखाली फोन ऐकण्यावर कार्यपद्धतीचे निर्बंध घातले. आधारविरोधी याचिकांतून उद्भवलेल्या पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने खाजगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचे जाहीर केले आणि जुने निकाल त्या मर्यादेत रद्द ठरवले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे तत्त्व प्रत्यक्षात आणले. लाचखोरीच्या एका प्रकरणात केंद्र सरकारने दिलेले फोन ऐकण्याचे तीन आदेश त्याने रद्द केले आणि ध्वनिमुद्रण नष्ट करण्यास सांगितले. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही कायद्याची अट पूर्ण झाली नव्हती, हे त्याचे कारण. उमर यांच्या कथेतील निवाडा आणि हा निवाडा एकाच तत्त्वावर उभे आहेत.

तंत्रज्ञानाने काय बदलले

जुन्या पाळतीला खर्चाची मर्यादा होती. एका माणसामागे दिवसरात्र चार-पाच शिपाई लावावे लागत, म्हणून राज्याला निवड करावी लागे. आता सर्वांची नोंद आधी होते आणि संशयित नंतर शोधला जातो. चेहरा ओळखणारी यंत्रणा गर्दीतल्या प्रत्येकाला तपासते, त्यात ज्याचा शोध आहे तो एक आणि ज्यांचा नाही ते हजारो असतात. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९व्या कलमाखाली दहा यंत्रणांना कोणत्याही संगणकातील माहिती पाहण्याचे व उलगडण्याचे अधिकार दिले. जुलै २०२१ मध्ये पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरविषयीचे वृत्तांत आले. असे सॉफ्टवेअर फोनमध्ये शिरले की संदेश, छायाचित्रे, ध्वनी सारेच हाती लागते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये तज्ज्ञ समिती नेमताना, राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतल्याने सरकारला प्रत्येक वेळी मोकळीक मिळणार नाही, असे स्पष्ट केले. समितीला तपासलेल्या २९ फोनांपैकी ५ फोनांत घातक सॉफ्टवेअर आढळले. ते पेगाससच होते असे ठरले नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही, असे न्यायालयाने २०२२ मध्ये नमूद केले.

दुसरा बदल स्मृतीचा. माणसे विसरतात, गावे विसरतात, आणि त्या विसरण्यात चुकलेल्याला पुन्हा उभे राहण्याची संधी असते. यंत्राची नोंद विसरत नाही. ईश्वराच्या नजरेबरोबर येणारी क्षमा येथे कोठेच नाही. तिसरा बदल अनुमानाचा. ठिकाणे, वेळा, खरेदी, मित्र यांचे तुकडे जुळवून माणसाची श्रद्धा, आजार, राजकीय कल यांचा अंदाज बांधला जातो. अंतर्यामी असल्याचा हा दावा आकड्यांच्या जोरावर केलेला आहे. हेतू मात्र अजूनही कोणत्याही यंत्राला दिसत नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप सुरक्षेचा. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईत कॅमेऱ्यांचे जाळे उभारले गेले, आणि दहशतवादाने होरपळलेल्या शहराची ती मागणी रास्त होती. जीवित हाही हक्कच आहे. म्हणून प्रश्न पाळत असावी की नसावी एवढा नाही. ती कोणत्या कायद्याने, कोणत्या कारणासाठी, किती काळ आणि कोणाच्या देखरेखीखाली असावी, हा आहे. विशिष्ट संशयावरून न्यायाधीशाच्या परवानगीने केलेली पाळत आणि सर्वांवर कायमची ठेवलेली पाळत या वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप असा, की खाजगीपणाच्या आडोशाने अत्याचार लपतात. हा आक्षेप गंभीर आहे. ‘ही आमच्या घरातली बाब आहे’ असे म्हणून बायकांना मारहाण झाली आणि समाजाने पाठ फिरवली. त्याचे उत्तर, खाजगीपणा कुटुंबाचा किंवा कुटुंबप्रमुखाचा नसून प्रत्येक व्यक्तीचा असतो, हे आहे. पत्नीचा फोन तपासणारा नवरा तिच्या खाजगीपणाचा भंग करतो. त्याला स्वतःच्या खाजगीपणाचा दाखला देता येत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा उंबऱ्याच्या आत जातो तो याच तत्त्वावर.

तिसरा आक्षेप सांस्कृतिक आहे. खाजगीपणा ही पाश्चात्त्य चैन आहे, आपल्या गावात सगळ्यांचे सगळ्यांना ठाऊक असते, असे म्हटले जाते. गावाची ती नजर सर्वांना सारखी ऊबदार नव्हती. कोण कोणाच्या घरी जेवला, कोणाशी लग्न केले, याची चौकशी जातपंचायती करत आणि वाळीत टाकत. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कार रोखणारा कायदा २०१६ मध्ये केला तो याच नजरेविरुद्ध. खाजगीपणाची सर्वाधिक गरज ज्यांना होती ते या गावगाड्यात सर्वांत खाली होते.

निकष

पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणावरील प्रत्येक निर्बंधासाठी अटी घातल्या: त्याला कायद्याचा आधार हवा, त्यामागे वैध उद्दिष्ट हवे, निर्बंध उद्दिष्टाच्या प्रमाणात हवा, आणि गैरवापर रोखणारी कार्यपद्धती हवी. या अटी पाहिल्या तर लक्षात येते, की ईश्वराच्या नजरेत जी लक्षणे आपोआप असतात ती माणसाच्या नजरेवर कायद्याने लादण्याचा हा प्रयत्न आहे. राज्य निःस्वार्थी नसते, म्हणून उद्दिष्ट तपासावे लागते. ते समदृष्टी नसते, म्हणून प्रमाण तपासावे लागते. ते चुकू शकते, म्हणून स्वतंत्र देखरेख लागते. ते क्षमा करत नाही, म्हणून नोंदींना मुदत लागते.

आजची भारतीय व्यवस्था या कसोटीवर अपुरी आहे. फोन ऐकण्याचा आदेश गृहसचिव देतो आणि त्याचा फेरविचार करणाऱ्या समितीतही सचिवच असतात. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी लागत नाही. ज्याच्यावर पाळत झाली त्याला ती नंतरही कळवली जात नाही, त्यामुळे दाद मागण्याचा प्रश्नच येत नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने खाजगी कंपन्यांवर बंधने घातली, पण केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून वगळण्याची मुभा ठेवली. चेहरा ओळखण्याच्या पोलिसी वापरासाठी संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी, संसदेला जबाबदार देखरेख, पाळत संपल्यावर संबंधिताला सूचना आणि नोंदी नष्ट करण्याची ठरलेली मुदत, एवढ्या चार गोष्टी कायद्यात आल्याशिवाय २०१७ चा निकाल नागरिकाच्या दारापर्यंत पोचणार नाही.

सर्वसाक्षी असणे हे ईश्वराचे लक्षण आहे. राज्याने त्यावर हक्क सांगणे धर्मदृष्ट्या उद्धटपणाचे आणि घटनादृष्ट्या बेकायदेशीर आहे. श्रद्धावंत आणि नास्तिक या एका बाबतीत एकत्र उभे राहू शकतात: माणसाचे अंतःकरण ही सरकारी हद्द नाही. ज्या नागरिकाला स्वतःला लपवण्यासारखे काही नाही, त्यानेही हा हक्क मागितला पाहिजे, कारण तो मागण्याची ज्याला खरी गरज आहे त्याचा आवाज बहुतेक वेळा सर्वांत क्षीण असतो.